सात नंबरचा आयर्न जमिनीतच घुसतो, ड्रायव्हर उजवीकडे पळतो: स्विंग सुधारायचा तरी कसा?

कोथरूडचा_कव्हरड्राइव्ह
मंडळी, गोल्फवर आधी धागा निघालाय का ते शोधलं, सापडला नाही, म्हणून हा नवीन.

वय सत्तेचाळीस, नोकरी हिंजवडीत, कॉलेजात असताना क्रिकेट बऱ्यापैकी खेळलोय. कंपनीतल्या वरच्या मंडळींच्या आग्रहाने गोल्फ सुरू केलं आणि आता त्यांच्यापेक्षा मलाच जास्त खूळ लागलंय. शनिवार-रविवार पहाटे रेंजवर (सरावाच्या मैदानावर) असतो. तिथे मॅटवर सात नंबरचा आयर्न (लोखंडी पात्याचा क्लब, म्हणजे काठी) झकास लागतो. खऱ्या गवतावर मात्र आधी जमीन, मग चेंडू. गवताचं ढेकूळ चेंडूपेक्षा लांब जातं. ड्रायव्हर (लांब पल्ल्याचा, मोठ्या डोक्याचा क्लब) घेतला की चेंडू हमखास उजवीकडे वळून शेजारच्या फेअरवेवर (खेळायच्या पट्ट्यावर). तिथे खेळणाऱ्यांचे चेहरे आता ओळखीचे झालेत.

यूट्यूबवर एक म्हणतो डावा हात ताठ ठेव, दुसरा म्हणतो हात विसर, कंबर फिरव, तिसरा म्हणतो डोकं हललं तर मेलास. चेंडूपाशी उभा राहिलो की हे तिघं एकदम बोलायला लागतात. नक्की कुठून सुरुवात करू? शिकवणी लावू की असंच रेटू?

पावशेर
जाणकारांच्या प्रतीक्षेत. खुर्ची ओढून बसलोय.

मुठाकाठची
आयडीतच रोग दिसतोय. हलके घ्या.

पाणीकपात
आमच्या सोसायटीत दिवसाआड टँकर, आणि इथे ढेकळं कोणाची लांब जातात त्याची चिंता. चालू द्या.

निवृत्त_फौजी
@कव्हरड्राइव्ह, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. मॅटवर लागतो, गवतावर लागत नाही.

मी गोल्फ शिकलो छावणीतल्या मैदानावर. तिथे ग्रीन (भोकाभोवतीची हिरवळ) नव्हतेच, ब्राऊन होते. तेल मिसळलेली वाळू, आणि पट (भोकाकडे हलका फटका) करण्याआधी कॅडी (सोबतचा मदतनीस) फळी ओढून वाट सपाट करून द्यायचा. फेअरवे म्हणजे उन्हाळ्यात निव्वळ मुरूम. अशा जमिनीवर क्लब चेंडूआधी टेकला की उसळतो, पात्याची कड चेंडूच्या पोटात बसते आणि झिणझिण्या कोपरापर्यंत येतात. वेगळा मास्तर लागायचाच नाही.

मॅटवर याच्या बरोब्बर उलट होतं. क्लब चेंडूच्या चार बोटं मागे आपटला तरी मॅटवरून घसरत पुढे जातो आणि चेंडू उडतो. आवाजही चांगला येतो. तुमचा फॅट शॉट (आधी जमीन, मग चेंडू) रेंजवर होताच, मॅटने तो झाकला एवढंच.

उपाय फुकटचा आहे. कबड्डीच्या मैदानावर आखतात ती फक्की घ्या, मूठभर पुरे. कुठल्याही मोकळ्या जमिनीवर, मैदानाची परवानगी असेल तिथे, एक सरळ रेघ मारा. रेघ दोन पायांच्या मधोमध येईल असे उभे राहा, जणू रेघेवर चेंडू आहे. चेंडू ठेवू नका. नुसते स्विंग करा आणि क्लब जमिनीला कुठे लागला ते वाकून बघा. रेघेवर किंवा रेघेच्या पुढे, म्हणजे लक्ष्याच्या बाजूला खरवडलं पाहिजे. मागे खरवडलं तर स्विंग कितीही देखणा असो, उपयोग शून्य. रेघेवर पुढे-पुढे सरकत एका दमात दहा-बारा मारा, खुणांची रांगच तुम्हाला सांगेल.

अंतू_विश्लेषक
फौजीकाकांना +१. त्यामागचं गणित देतो, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा.

क्लबचं डोकं एका कमानीत फिरतं. त्या कमानीचा सगळ्यात खालचा बिंदू कुठे पडतो यावर आयर्नचं सगळं अवलंबून. चांगल्या व्यावसायिकांचा मधल्या आयर्नला तो चेंडूच्या साधारण चार इंच पुढे असतो. म्हणजे चेंडूला लागताना क्लब अजून खालीच चाललेला असतो, म्हणून डिव्हट (उखडलेलं गवताचं ढेकूळ) चेंडूच्या पुढे निघतो. नवशिक्याला वाटतं चेंडू वर जायला हवा तर आपण खालून उचलला पाहिजे. मग तो मागच्या पायावर राहतो, मनगटं आधीच सोडतो, आणि खालचा बिंदू चेंडूच्या मागे जातो. चेंडू वर नेण्याचं काम क्लबच्या कोनाचं आहे, ते त्याच्यावर सोडा.

दुसरं. चेंडू आणि क्लब एकमेकांना चिकटून असतात ते साधारण अर्धा मिलिसेकंद. त्या वेळात 'आता मनगट वळवतो' असं ठरवून काही करता येत नाही. जे काय व्हायचं ते आधीच ठरलेलं असतं.

कोथरूडचा_कव्हरड्राइव्ह
दोघांनाही दंडवत. फक्की आमच्या चौकातल्या हार्डवेअरवाल्याकडे मिळाली. त्याने विचारलं, "गणपतीचा मंडप आखताय का?"

बंकरवासी
थोडा विरोध नोंदवतो. नुसतं जमिनीकडे बघून स्विंग सुधारत नाही. मुळात पकड, उभं राहणं, वळणं ठीक नसेल तर खुणा बघून माणूस काहीतरी जुगाड करतो आणि तो जुगाडच पक्का होतो. आधी चांगल्या शिक्षकाकडे पाया घाला.

मुठाकाठची
@बंकरवासी, शिक्षकाचा माझा अनुभव सांगते. नाव घेत नाही. समोर सहा जण, सगळ्यांना एकच औषध: "पूर्ण वळा, हात ताठ." माझ्या शेजारी सत्तरीचे एक काका होते, त्यांनाही तेच. काकांची कंबर तीन दिवस धरली. महिनाभर माझा स्विंग व्हिडिओत छान दिसायला लागला आणि चेंडू पूर्वीइतकाच वेडावाकडा. मग मी दुसऱ्या ठिकाणी गेले. त्या मॅडमनी पहिला अर्धा तास माझ्याकडे पाहिलंच नाही, चेंडू कुठे जातो तेवढं पाहिलं. नंतर म्हणाल्या, पकडीत फक्त डावा हात जरा उजवीकडे फिरवा. एवढंच. निम्मा स्लाइस (चेंडूचं उजवीकडे वळणं) त्या दिवशी गेला.

शिक्षक नक्की लावा, पण तो आधी चेंडू बघतो की तुमचा फोटो बघतो, तेवढं तपासा.

बंकरवासी
मान्य. एनजीएआयचं (नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडिया) प्रमाणपत्र आहे का तेही विचारा, निदान शिकवायचं शिकलेला असतो.

स्लो_प्ले
देखण्या स्विंगचा विषय निघालाच आहे म्हणून. जिम फ्युरिकचा स्विंग पाहिलाय का? क्लब वर जाताना एकीकडे, खाली येताना भलतीकडे. त्याच माणसाने 2003 ची यूएस ओपन जिंकली आणि 2016 मध्ये पीजीए टूरवर 58 चा राउंड (अठरा भोकं 58 फटक्यांत) मारला. स्कॉटी शेफलरचे पाय फटका मारताना घसरतात, दोन मास्टर्स त्याच्या घरी आहेत. आपला एस. एस. पी. चौरसिया, वडील रॉयल कलकत्ताला हिरवळ राखायचे, पोरगा बघून-बघून शिकला. इंडियन ओपन लागोपाठ दोनदा, 2016 आणि 2017.

अंतू_विश्लेषक
@स्लो_प्ले, उदाहरणं बरोबर, निष्कर्ष अर्धा. या तिघांचे क्लब चेंडूपाशी येतात तेव्हा जवळजवळ सारखेच दिसतात. वरचा सगळा नाच वेगळा. म्हणून तर म्हणतोय, तपासायचं ते चेंडूपाशी तपासा.

आता धागाकर्त्याचा दुसरा आजार. @कव्हरड्राइव्ह, ड्रायव्हरचा चेंडू निघतो कुठे? वळतो कुठे ते सांगितलंत, निघतो कुठे ते नाही.

कोथरूडचा_कव्हरड्राइव्ह
नीट आठवतो तर किंचित डावीकडे निघतो आणि मग उजवीकडे. म्हणून मी हल्ली अजून डावीकडे रोखून उभा राहतो. तरी जातो उजवीकडेच, उलट जास्त वळतो.

अंतू_विश्लेषक
वळणारच. जुन्या लोकांनी शिकवलं की चेंडू स्विंगच्या वाटेने निघतो आणि क्लबचं तोंड असेल तिकडे वळतो. रडारची यंत्रं आल्यावर हे उलटं निघालं. चेंडू निघतो तो मुख्यतः क्लबचं तोंड असेल तिकडे, आणि वळतो तो तोंड आणि वाट यांच्यातल्या फरकाने. तुमचा डावीकडे निघतोय, म्हणजे तोंड लक्ष्याच्या किंचित डावीकडेच आहे, तोंड उघडं राहतं हा समज सोडा. वाट त्याहून कितीतरी डावीकडे चाललीये, बाहेरून आत. तुम्ही अजून डावीकडे रोखलंत की वाटही अजून डावीकडे जाते, फरक वाढतो, वळण वाढतं.

ज्यांचा सरळ निघून उजवीकडे वळतो, किंवा उजवीकडेच निघून आणखी उजवीकडे जातो, त्यांचं औषध निराळं. तिघांना एकच 'स्लाइसचा रामबाण' विकणाऱ्या व्हिडिओंपासून सावध.

पावशेर
वाचनखूण साठवली. मला गोल्फ खेळता येत नाही, पण घरी मुलगा उजवीकडे निघून आणखी उजवीकडे जातोय.

निवृत्त_फौजी
हाहा.

वाट सुधारायला: पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली चेंडूच्या जरा मागे आणि पलीकडे, म्हणजे तुमच्यापासून दूरच्या बाजूला ठेवा. बाहेरून आत आलात की आधी बाटली उडेल. सुरुवातीला अर्ध्या ताकदीने. क्रिकेट खेळलेल्यांचा उजवा खांदा वरून घाई करतो, त्याला चेंडूवर तुटून पडायचं असतं.

आडव्या_बॅटचा
क्रिकेटवरून आलो. मीही त्याच वाटेचा प्रवासी. क्रिकेटची डोकं स्थिर ठेवायची सवय उपयोगी पडते, हातांची सवय घात करते. सरळ बॅटने ड्राइव्ह मारताना आपण बॅटचं तोंड जास्तीत जास्त वेळ चेंडूच्या रेषेत दाखवतो, पुढचं कोपर उंच, फॉलोथ्रू अर्ध्यावर रोखलेला. गोल्फमध्ये डावा हात आणि क्लबचं तोंड चेंडूनंतर मोकळेपणाने वळलं पाहिजे, कोपर खाली दुमडलं पाहिजे. स्वीप मारतो तेव्हा हात जसे एकमेकांवरून जातात तो भाव ठेवा. मला फरक पडला तो त्याने. आणि पकड बॅटसारखी तळहातात नको, डाव्या हाताची बोटांत हवी.

कपिल देव उगीच नाही आता गोल्फच्या संघटनेचा अध्यक्ष झाला.

मुठाकाठची
पकड इंटरलॉक (बोटं एकमेकांत अडकवून) की ओव्हरलॅप (बोट वर ठेवून)?

आडव्या_बॅटचा
जे सुखाचं वाटेल ते. यावर वेगळा धागा काढू नका, प्लीज.

मणकामावशी
पेशाने फिजिओ आहे, गोल्फ हौसेपुरतं. एक मुद्दा कोणीच काढला नाही. धागाकर्ते दिवसभर हिंजवडीत खुर्चीत, वर येता-जाता गाडीत. कंबरेचे सांधे आणि पाठीचा वरचा भाग आखडलेला असतो. खाली येताना कंबर वळायला जागा नाही, म्हणून शरीर चेंडूकडे पुढे सरकतं, माणूस ताठ उभा राहतो आणि हात सगळं सांभाळायला धावतात. कधी फॅट, कधी टॉप (चेंडूच्या डोक्यावर). स्विंगचा दोष वाटतो, खरं तर वळण्याची जागाच नाही.

घरी बघा: भिंतीला पार्श्वभाग टेकवून, गोल्फला उभे राहतो तसे वाका. हात छातीवर बांधा. मागे वळताना उजवी बाजू भिंतीला लागली पाहिजे, पुढे येताना डावी. पुढे येताना भिंत सुटली तर तोच तुमचा घोटाळा. सकाळी चहा उकळेपर्यंत करा, क्लब लागत नाही.

आणि त्या सत्तरीच्या काकांबद्दल खरंच वाईट वाटलं. मान आणि पाठ वळत नसेल तर डावी टाच बॅकस्विंगला उचलू द्या, उजवा पाय थोडा बाहेर वळवून उभे करा. कमी वळून नीट लागलेला चेंडू पुढे जातो.

कोथरूडचा_कव्हरड्राइव्ह
आत्ता केलं. भिंत सुटली. बायकोने विचारलं काय चाललंय, मी म्हटलं पोस्चर.

स्लो_प्ले
अवांतर: मुंबईचा मित्र म्हणतो पुण्यात त्याचा चेंडू जास्त जातो. खरं का थाप?

अंतू_विश्लेषक
पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर. हवा थोडी विरळ, म्हणून थोडा जास्त जाणारच, पण 150 यार्डांत दोन-चार यार्ड. बाकी त्याची फुशारकी. बावधनच्या पुढच्या डोंगरावर ऑक्सफर्डच्या गोल्फ मैदानात उंचावरच्या टीवरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून) मारलं की सगळेच स्वतःला मोठे फटकेबाज समजतात.

बंकरवासी
ऑक्सफर्डचा विषय निघाला म्हणून सांगतो, येरवड्याला पूना क्लबच्या मैदानावर सराव करून तिथे गेलात तर उतार लक्षात घ्या. चेंडू पायांपेक्षा वर असेल तर उजव्या हाताच्या खेळाडूचा डावीकडे जातो, खाली असेल तर उजवीकडे. तो स्विंगचा दोष नाही. तिथून घरी येऊन पकड बदलू नका.

अजून एक अवांतर. गेल्या खेपेला कावळ्याने माझा फेअरवेवरचा चेंडू उचलून नेला. सोबतचे म्हणाले एक दंड. नियमाने दंड नाही, होता तिथेच दुसरा ठेवायचा. माहिती असू द्या, पुण्यात कावळे हुशार आहेत.

पाणीकपात
कावळ्याला माझ्यातर्फे वडापाव.

अवनी_टी
इतके पुरुष आणि सगळ्यांचा जीव ड्रायव्हरमध्ये! टोकियो ऑलिंपिकला अदिती अशोक चौथी आली. तिच्यासोबत खेळणाऱ्या कित्येकींचे ड्राइव्ह तिच्यापेक्षा खूप पुढे पडत होते. पुण्याचा उदयन मानेही त्याच ऑलिंपिकला खेळला होता, त्याचं कौतुक इथे कोणीच कसं केलं नाही? असो.

धागाकर्त्याला माझा सल्ला: चेंडू पात्यावर कुठे लागतो ते बघता का? व्हाइटबोर्डच्या मार्करने चेंडूवर ठळक ठिपका काढा, ठिपका क्लबच्या बाजूला ठेवून मारा. पात्यावर शाई उमटते. रुमालाने पुसा, पुन्हा. ड्रायव्हरला टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला लागत असेल तर वाट सरळ असूनही चेंडू उजवीकडे वळतो. पात्याच्या टोकाकडे लागला तर डावीकडे. ही तपासणी न करता स्विंग बदलणं म्हणजे रक्ताचा रिपोर्ट न बघता गोळ्या घेणं.

अंतू_विश्लेषक
अवनीताई, हा मुद्दा मी लिहायला हवा होता. गिअर इफेक्ट म्हणतात याला, ड्रायव्हर आणि वुडला (तसाच मोठ्या डोक्याचा क्लब) जास्त, आयर्नला नगण्य.

बंकरवासी
एक शंका. फौजीकाका आणि अंतूच्या सांगण्याप्रमाणे वजन डावीकडे, खालचा बिंदू पुढे. तेच ड्रायव्हरला केलं तर चेंडू आकाशात जाऊन पन्नास पावलांवर पडेल.

निवृत्त_फौजी
बरोबर. ते आयर्नसाठी. ड्रायव्हरला चेंडू डाव्या टाचेसमोर, टीवर (छोट्या खुंटीवर), अर्धा चेंडू पात्याच्या वर दिसेल इतका उंच. खालचा बिंदू चेंडूच्या मागे येऊन क्लब किंचित वर जाताना लागतो. म्हणून म्हणतो, दोन्ही एकाच सकाळी शिकू नका. पाऊस सुरू झाला की जमीन मऊ होते, फॅट शॉटला क्लब रुततो, तेव्हा आयर्नचा अभ्यास करा. चोरी लपत नाही.

कोथरूडचा_कव्हरड्राइव्ह
पावसाळा निम्मा सरला, म्हणून वृत्तांत.

फक्की: पहिल्या रांगेतल्या बहुतेक खुणा रेघेच्या मागे होत्या, एक तर टाचेइतकी मागे. काही दिवस फक्त एवढंच केलं, चेंडू नाही. मागे जाणारं वजन थांबवायला मुद्दाम काही केलं नाही, खुणा पुढे ढकलायच्या एवढंच डोक्यात ठेवलं आणि वजन आपोआप डावीकडे यायला लागलं. मग गवतावर चेंडू ठेवला. आता डिव्हट पुढे निघतो, निदान बहुतेक वेळा. आवाजच वेगळा येतो, ठक् नाही, टच्. सात नंबर पूर्वीपेक्षा खाली आणि लांब जातो.

मार्कर: ड्रायव्हरची शाई कायम टाचेवर. बाटली ठेवल्यावर पहिल्याच दिवशी बाटली रेंजच्या मध्यापर्यंत गेली. हळूहळू बाटली वाचायला लागली आणि शाई मधे यायला लागली.

भिंतीचा व्यायाम चालू. शिकवणीही लावली, मुठाकाठचीच्या कसोटीवर. गुरुजींनी आधी चेंडू बघितला.

मणकामावशी
छान! पाठ दुखतेय का?

कोथरूडचा_कव्हरड्राइव्ह
नाही. पण नवीन दुखणं आलंय. ड्रायव्हर आता सरळ निघून डावीकडे वळतो. जोरात मारला की झाडीत, डावीकडच्या.

आडव्या_बॅटचा
अभिनंदन! आमच्यातून बाहेर पडलात.

अंतू_विश्लेषक
स्लाइस असताना पकड बदलली होती का? डाव्या हाताची किती बोटांची पेरं दिसतात उभं राहिल्यावर?

कोथरूडचा_कव्हरड्राइव्ह
मुठाकाठचींचं वाचून तेव्हाच फिरवली होती. चार दिसतात.

अंतू_विश्लेषक
मग वाटेला हात लावू नका, वाट बरी झाली आहे. स्लाइस झाकायला घेतलेली पकड आता नको. डावा हात परत इतका आणा की दोनच पेरं दिसतील, जास्तीत जास्त अडीच. मार्करने मधे लागतंय ना ते पुन्हा बघा, टोकाकडे सरकलं असेल तर तेही कारण असू शकतं. आधी अर्ध्या ताकदीने.

मुठाकाठची
मी "जरा" म्हटलं होतं. चार पेरं म्हणजे जरा नव्हे.

पावशेर
मुलगा आता डावीकडे निघतोय. त्याचीही पेरं मोजतो.